मुक्त, पण माझ्या देखरेखीखाली

५ नोव्हेंबर, रविवार

ताईच्या पाच कोंबड्या आज खुराड्यासकट आमच्याकडे आल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताई चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे कोंबड्या चालत नाहीत. म्हणजे कोंबड्या चालतात, कमिटीला चालत नाहीत.

ताईने एकेकीची ओळख करून दिली. काळी, मोठी, सगळ्यांवर डाफरणारी ती हेडबाई. मग ठिपकी आणि पिवळी. आल्या आल्या कुंपणाची उंची डोळ्यांनी मोजत होती ती उंडगी. आणि पाचवी मावशी. मावशी एका डोळ्याने अधू आहे, अंडी देणं सोडून तिला दोन वर्षं झाली, आणि ताईचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर. निघताना ताईने मावशीला कुशीत घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. कोंबडीला कान असतो हे मला आज कळलं.

मग ताई मला म्हणाली, "आठ-दहा दिवस खुराड्यातच राहू देत. हे आपलं घर आहे हे त्यांना पटायला हवं. नंतर संध्याकाळी थोडा थोडा वेळ सोड. आणि सोडल्यावर नुसतं बस रे, काही करायला जाऊ नकोस."

मी हो म्हटलं. मोठी बहीण आहे. पण सेफ्टी हा विषय शेवटी माझा. बावीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. रोज चारशे माणसं दहा-दहा बोटं घेऊन येतात आणि दहा-दहा बोटं घेऊन घरी जातात, ती कोणामुळे? पाच कोंबड्या म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

संकल्प: एका महिन्यात पाचही कोंबड्या मागच्या अंगणात पूर्ण मुक्त आणि पूर्ण सुरक्षित. अपघात शून्य.

ही म्हणाली, "अहो, आधी खुराड्याचं दार नीट लागतं का ते बघा." ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे फार तपशिलात अडकते.

६ नोव्हेंबर, सोमवार

स. ६.४०. रात्रभर विचार केला. आठ-दहा दिवस कोंडून ठेवणं योग्य नाही. स्वातंत्र्याला ट्रायल पीरियड नसतो. आजच सोडणार.

६.४५. दार उघडलं. कोणी बाहेर येईना.

६.५०. चार प्रोत्साहनपर शब्द बोललो. हेडबाईने पाठ फिरवली.

६.५५. आत हात घातला. हेडबाईने चोच मारली. कारखान्यात याला 'निअर मिस' म्हणतात. (नाही. निअर मिस म्हणजे थोडक्यात हुकलं. हे लागलं.) उद्यापासून ग्लोव्ह्ज.

७.१०. उंडगी बाहेर! तिच्या मागोमाग सगळ्या! पायांनी माती उकरतात, एक पाऊल मागे येतात, मान वाकडी करून बघतात आणि टिपतात. पिवळीने पंख पसरून धुळीत अंघोळ केली. डोळे भरून आले. चाळीस वर्षांत कोणाला इतकं खूष केलं नव्हतं.

७.२५. मोजल्या. चार.

७.२६. परत मोजल्या. तीन.

७.४०. उंडगी शेजारच्या मेट्रनबाईंच्या स्कूटरच्या सीटवर सापडली. ठिपकी स्कूटरखाली. मेट्रनबाई मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून ड्यूटीवर आहे. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्या पेशंट आमच्याकडे आल्यात." मी म्हणालो, ट्रायल रन चालू आहे. त्या म्हणाल्या, "रन दिसतोय."

सायं. ६.१५. अंधार पडायला लागला. कोंबड्या आपणहून खुराड्यात जातात असं ऐकून होतो. एकटी मावशी गेली. बाकीच्या लिंबाच्या झाडावर. त्यांना हे घर पटलेलं नाही म्हणे. (असं ही म्हणाली. मला आधीच लक्षात आलं होतं.)

७.००. शिडी लावली. शिडीच्या वापराचे अकरा नियम मला तोंडपाठ आहेत. नववा नियम: वर जाताना खाली कोणीतरी शिडी धरावी. ही वह्या तपासत होती.

७.०५. नववा नियम महत्त्वाचा आहे.

७.३०. हिने चारही जणींना एकेक करून काखेत घेऊन खाली आणलं. मी खालून, म्हणजे जमिनीवरून, मार्गदर्शन केलं. कंबरेला शेक.

एकूण ट्रायल यशस्वी. आता आठ दिवस खुराड्यातच ठेवायचं मी ठरवलं आहे.

९ नोव्हेंबर, गुरुवार

कोंबड्या आत, पण वेळ फुकट घालवणं माझ्या स्वभावात नाही. शिट्टीचं ट्रेनिंग सुरू. एक लांब शिट्टी म्हणजे जेवण. दोन लहान म्हणजे घार आली, लपा. तीन लहान म्हणजे खुराड्यात परत.

पहिल्याच दिवशी प्रतिसाद मिळाला. पलीकडच्या गल्लीतला कुत्रा एका शिट्टीत आला. मेट्रनबाई दुसऱ्या शिट्टीत.

कोंबड्यांनी डोळे मिटले. म्हणजे ऐकलं असणार.

१२ नोव्हेंबर, रविवार

ताईचा फोन. एकेकीचं नाव घेऊन चौकशी केली. मावशी जेवते का, मावशी दांडीवर उजव्या टोकालाच बसते का. मी म्हणालो, अगदी शिस्तीत. विचारलं, बाहेर सोडल्यास का रे? मी म्हणालो, तू सांगितल्याप्रमाणे चाललंय.

हे खोटं नाही. आज ती सांगते तसंच चाललंय. सोमवारबद्दल तिने विचारलं नव्हतं.

हिने एक गंमत दाखवली. जुन्या बिस्किटाच्या डब्यात मक्याचे दाणे घालून खळखळ वाजवलं की पाचही जणी जाळीशी धावत येतात. मी म्हणालो, शिट्टीमुळे त्यांचा कान तयार झाला म्हणून. हिने फक्त डबा परत एकदा वाजवला. पटलं असावं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आठवा दिवस. अधिकृत मुक्त संचार. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा.

दु. ३.००. हेल्मेट, रिफ्लेक्टरचं जाकीट, ग्लोव्ह्ज, शिट्टी, लांब काठी, खुर्ची. दार उघडलं. पाचही बाहेर. देखरेख चोख.

३.२०. ऊन छान आहे.

४.५०. ऊन फारच छान होतं.

४.५१. अंगणात एकही कोंबडी नाही. हेल्मेटमध्ये एक अंडं आहे. हेल्मेट डोक्यावरून मांडीवर केव्हा आलं कळलं नाही. ठिपकीचं काम. मला फार मानाचं वाटलं.

४.५५. मेट्रनबाईंची हाक.

त्यांनी फुलकोबीची रोपं लावली होती. साठ. हाताने बी टाकून, पेल्यापेल्यांतून वाढवून, परवाच वाफ्यात लावलेली. आता तिथे साठ काड्या होत्या आणि चार कोंबड्या पोट टेकून बसल्या होत्या. पाचवी, उंडगी, अजून खात होती.

मी म्हणालो, झोप नव्हती, डोळ्यांना विश्रांती होती. मेट्रनबाई म्हणाल्या, "वॉर्डात असं बोलणाऱ्यांना मी संडासं धुवायला लावायची." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गुडघ्यांवर बसून एकेक काडी उपटायला लागल्या.

ही बिस्किटाचा डबा घेऊन आली. खळखळ. पाच मिनिटांत पाचही आत. मग ही वाकून त्यांच्याबरोबर काड्या उपटत बसली. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मधूनमधून हसत होत्या. विषय कळला नाही.

संकल्प: मेट्रनबाईंना साठ रोपं आणून देणे. शिवाय कुंपणाला खालून बारीक जाळी.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

रोपं ही देऊन आली. जाळी पण हिने आणि मेट्रनबाईंनीच बसवली. मी मोठ्या प्रश्नाकडे वळलो आहे. आकाश.

काल एक घार अंगणावर तीन फेऱ्या मारून गेली. माझा उपाय: बुजगावणं. माझा जुना युनिफॉर्म, आत पेंढा, डोक्याला हेल्मेट, छातीवर माझं आयकार्ड. हुबेहूब. ही शाळेतून आली आणि त्याला म्हणाली, "अहो, चहा टाकू का?" म्हणजे काम किती जमलंय ते बघा.

सायं. ५.३०. कोंबड्यांना त्याचा मुळीच धाक वाटत नाही. हेडबाई त्याच्या खांद्यावर बसली आहे. पिवळी हेल्मेटवर.

५.४०. घार पण येऊन गेली. पिवळी उतरल्यावर ती हेल्मेटवर बसली.

बुजगावणं काढलं. त्यांच्यात गैरसमज पसरत होता.

१८ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहायचं नव्हतं.

सकाळी गेटला पाटी लावत होतो. 'गेट बंद ठेवा. कोंबड्या मोकळ्या आहेत.' पाटी सरळ दिसते का ते बघायला चार पावलं मागे रस्त्यावर गेलो. पाटी सरळ दिसावी म्हणून गेट उघडं ठेवलं होतं.

कुत्रा माझ्या शेजारून आत गेला. पलीकडच्या गल्लीतलाच. मी घाबरून शिट्टी वाजवली, तर तो आणखी जोरात धावला.

हेडबाई ओरडली. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. चौघी उडून इकडे तिकडे झाल्या. कुत्रा मावशीच्या अधू डोळ्याच्या बाजूने आला. तिला दिसलाच नाही. मी ओरडत धावलो, काठी शोधली, काठी खुर्चीपाशी होती, खुर्चीला अडखळलो. तेवढ्यात कुंपणावरून अख्खी बादली पाणी आलं आणि पाठोपाठ बादली. मेट्रनबाईंचा नेम कुत्र्याच्या कानशिलात बसला. तो पळाला. तोंडात पिसं होती.

मला वाटलं संपलं. मावशी जमिनीवर चपटी पडून होती. मी उचलायला गेलो, पण तिला कुठून धरावं तेच कळेना. मेट्रनबाई गेटातून धावत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा. डोकं खाली घाला. लांब श्वास घ्या." आधी मला बसवलं, मग तिला तपासलं. शेपटी गेली, सगळीच. खाली एक ओरखडा. बाकी काही नाही. त्यांनी जखम धुतली, औषध लावलं, मावशीला टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं. "धरून ठेवा. घट्ट नको."

दोन तास धरून बसलो. एवढीशी असते कोंबडी. पिसांच्या आत हाताला नुसतं धडधड लागतं.

हिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि स्वतः जाऊन गेटची कडी बघून आली. ते जास्त लागलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

मावशी ठीक. दाणे खाल्ले. मागून एखाद्या उशीसारखी दिसते.

ताईचा फोन. मावशी कशी आहे? मी म्हणालो, एकदम हलकी वाटतेय हल्ली. आणि नवीन काय? मी म्हणालो, शेपटीचं थोडं ट्रिमिंग केलं, हायजीनच्या दृष्टीने. ताईने "ट्रिमिंग?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, गुडघा आता बरा आहे, चार-सहा दिवसांत येऊन जाते. मी म्हणालो, घाई नको करूस, गुडघा नाजूक असतो. ताई म्हणाली, "गुडघा माझा आहे."

ही म्हणाली, "सांगून टाका. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही." मी म्हणालो, शेपटी सहा आठवड्यांत येते, मी वाचलंय. फक्त सहा आठवडे झाकायचंय.

२२ नोव्हेंबर, बुधवार

आज मुळाशी गेलो. दोष कोंबड्यांचा नाही, कुत्र्याचा नाही. दोष यंत्रणेत मानवी हस्तक्षेप असण्याचा आहे. कोणीतरी दार उघडायला लागतं, कोणीतरी लावायला लागतं. माणूस आला की चूक आली.

म्हणून: आपोआप लागणारं दार! स्प्रिंग, वजन आणि बाहेरून पडणारी खिट्टी. कोंबड्या संध्याकाळी आत गेल्या की दार मागे येतं, खिट्टी पडते, खेळ खलास. आतून कोंबडी, बाहेरून कुत्रा, मुंगूस, कोणाचा बाप उघडू शकणार नाही. रात्री हिला ड्रॉइंग समजावून सांगितलं. हिने विचारलं, "आणि आत कोणी अडकलं तर?" मी म्हणालो, आत कोंबड्याच असणार.

हल्ली शाळेतून आल्यावर ही आणि मेट्रनबाई कोंबड्यांना तासभर सोडतात. नुसत्या बसतात पायरीवर, चहा पीत. काहीही करत नाहीत. अजून काही झालं नाही हे नशीब. नशिबावर सेफ्टी चालत नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

दु. ३.३०. ही बाजारात. मेट्रनबाई त्यांच्या मागच्या बाजूला. कोंबड्या अंगणात सोडल्या. गेट बंद, तीनदा बघितलं. फोन खिडकीत ठेवला, कामात लक्ष विचलित होऊ नये म्हणून. ओणवा होऊन खुराड्यात शिरलो, आतून स्प्रिंगचा ताण तपासायला.

ताण उत्तम होता. खिट्टी पडली.

यापुढचं नंतर लिहिलं आहे, कारण डायरी बाहेर होती.

खुराडं साडेतीन फूट उंच. मी गुडघे हनुवटीला लावून बसलो. सुरुवातीला समाधान वाटलं. यंत्रणा अचूक होती. मग अर्ध्या तासाने पायाला मुंग्या आल्या आणि समाधान ओसरलं. दार लाथेने ढकललं. माझंच काम, हलेना.

आणि घार आली.

जाळीतून सगळं दिसत होतं. सावली अंगणावरून सरकली, परत आली, गडद होत गेली. पाचही जणी अगदी उघड्यावर होत्या. मावशी तर मधोमध, अधू डोळा वर करून. मी किंचाळलो. शिट्टी गळ्यात होती, पण वाजवावी की नाही ते ठरेना. दोन लहान म्हणजे लपा की तीन लहान? मला आठवेना! मी जाळीला धरून नुसता, "मावशी! मावशी!" करत होतो.

हेडबाईने मान वर केली. घशातून एकच लांब, घोगरा आवाज काढला. क्षणात अंगण जवळजवळ रिकामं. चौघी जास्वंदीच्या दाट झुडपाखाली. मावशी राहिली, तर हेडबाई परत बाहेर आली, तिच्या दिसणाऱ्या डोळ्यासमोरून गेली आणि तिला मागे घेऊन झुडपात शिरली. घार खाली झेपावली, तिला काही मिळालं नाही, निघून गेली.

कोणी शिकवलं त्यांना? मी नाही. आज पहिल्यांदा इतकं स्पष्ट लिहितो आहे.

दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या. रांगेने खुराड्यापाशी आल्या आणि मान वाकडी करून आत माझ्याकडे बघू लागल्या.

तेवढ्यात गेट वाजलं. ताई. हातात काठी, गुडघ्याला पट्टा. तिने अंगण बघितलं. कोंबड्या मोजल्या. पाच. मावशीची मागची बाजू बघितली. मग खुराड्यात वाकून बघितलं.

मी म्हणालो, "ये ताई. बस."

ताई खाली बसली, गुडघ्याची पर्वा न करता, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आवाज ऐकून मेट्रनबाई आल्या. मग ही बाजारातून आली. तिघी हसल्या. खिट्टी कोणी काढेना. मेट्रनबाई म्हणाल्या, "आठ-दहा दिवस आतच राहू देत. घर पटायला हवं."

मी तिथूनच सगळं सांगितलं. गेट, कुत्रा, शेपटी, फोनवरचं ट्रिमिंग. जाळीच्या आतून खरं बोलणं सोपं जातं. ताईचं हसणं थांबलं. मावशीला उचलून तिने मागचा ओरखडा चाचपला. म्हणाली, "तुला बोलायला शब्द नाहीत माझ्याकडे." थोड्या वेळाने म्हणाली, "दोन तास मांडीवर घेऊन बसला होतास?" हे हिने तेवढ्यात तिच्या कानात सांगितलं होतं. मी हो म्हटलं.

ताईने खिट्टी काढली. माझे पाय सरळ करायला दोघींना ओढावे लागले.

२६ नोव्हेंबर, रविवार

कौटुंबिक बैठक. मी अध्यक्ष. निर्णय तिघींनी आधीच घेतले होते.

कोंबड्या इथेच राहणार. सूर्य मावळायच्या दीड तास आधी सोडायच्या, म्हणजे अंधार पडला की आपणच परत येतात. सोडताना थोड्या भुकेल्या असाव्यात. परत बोलवायला डबा. झुडपं छाटायची नाहीत. उंडगीच्या एकाच पंखाची पिसं कापायची, म्हणजे तोल जाऊन कुंपणापलीकडे उडता येत नाही. (काल कापली. दुखत नाही म्हणे, नखासारखंच.) एक माणूस अंगणात शांत बसलेलं हवं.

मी म्हणालो, तो माणूस मी.

तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

२९ नोव्हेंबर, बुधवार

तिघींच्या मते प्रयोग करून बघायला हरकत नव्हती. काल मी अंगणात शांत बसलो. कोंबड्या खुराड्याबाहेर आल्या नाहीत. आज मी स्वयंपाकघरात बसलो. पाचही बाहेर, धुळीत अंघोळ, गवत, किडे. मी मागच्या दारात पाऊल ठेवलं, हेडबाईने तो लांब घोगरा आवाज काढला. पाचही झुडपात.

मेट्रनबाई म्हणाल्या, "बघा, किती हुशार आहेत."

हे माझ्याच ट्रेनिंगचं फळ आहे. धोका ओळखायला शिकल्या.

३ डिसेंबर, रविवार

एक महिना होत आला. कोंबड्या पाच. पूर्ण मुक्त, पूर्ण सुरक्षित. आठवडाभर अपघात शून्य. मावशीला मागे तीन बारीक पिसं आली. ताई आली होती. तिघी पायरीवर बसल्या होत्या, मावशी ताईच्या मांडीवर.

४.५०. मागचं दार बाहेरून लावून घेतलं आहे. माझ्याच सूचनेनुसार, असं समजायला हरकत नाही. खिडकीतून छान दिसतं. मी काच वाजवली. कोणी बघितलं नाही.

५.३०. चहा खिडकीतून मिळाला.

६.२०. अंधार पडला. डबा वाजला. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळ्या आत.

६.२५. मग हिने मला बाहेर सोडलं.